वळसा घालून आलेलं ऊन

सुमनताईंच्या पापड कारखान्याच्या गच्चीवर गेलो आणि चक्रावलोच. जिथे पापड वाळायचे, तिथे सोलर पॅनेलं ऊन खात पहुडली होती.

"अहो ताई, पापड कुठे गेले?"

"खाली, यंत्रात वाळतात. चहूकडे बांधकामं, नुसती धूळ! आता यंत्राची वीज गच्चीवरूनच येते."

म्हणजे ऊन पकडायचं, त्याची वीज करायची, ती तारेतून खाली उतरवायची, तिची पुन्हा ऊब करायची आणि त्या उबेत पापड वाळवायचा! पूर्वी सूर्य थेट पापडावर पडायचा. शहर वाढलं की उन्हालाही जिन्याने यावं लागतं का? मला काही उलगडेना.

ताईंची चिंता वेगळीच होती. जुनी गिऱ्हाईकं 'चव गेली' म्हणाली, तर धंदाच बसेल. त्यांनी भाजलेले दोन पापड पुढे केले. "एक उन्हातला, एक यंत्रातला. ओळखा. माझी भीड धरू नका, भाऊ."

मी डोळे मिटून दोन्ही खाल्ले. भुवया उंचावल्या, मान डोलावली, आणखी दोन मागून घेतले.

"कोणता कुठला?" ताई पुढे झुकल्या.

"ताई, काही म्हणजे काही कळत नाही हो!"

माझ्या गोंधळाने कुणाचा जीव भांड्यात पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.