तीन नंबरची डिश

आमच्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरच्या एका खोलीला सगळे पाळणाघर म्हणायचे, आणि ती खोली सांभाळणाऱ्या बाईंना पाळणाघरवाल्या ताई. तिथं मूल एकही नव्हतं. होत्या त्या पेशी. माणसाच्या कातडीचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, औषधं देऊन त्यातल्या पेशी पुन्हा कोऱ्या करायच्या, म्हणजे आपण कोण व्हायचं हे अजून न ठरलेल्या, आणि मग रोज ठरलेली औषधं पाजत त्यांच्या हृदयाच्या स्नायूपेशी करायच्या. जमलं तर दहाव्या दिवसाच्या आसपास त्या आपल्याआपण धडधडायला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता.

ताई बारावी शिकलेल्या. बाटल्या धुवायला म्हणून लागल्या आणि बघूनबघून सगळं शिकल्या. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. पेशी ज्या गुलाबी पाण्यात वाढतात त्याला त्या खाऊ म्हणायच्या. तो रोज बदलायचा, आधी ऊब देऊन, आणि वहीत बरोबरची खूण करायची. शिळा झाला की तो पिवळा पडतो. रविवारीसुद्धा त्या हजर. घरचे कटकट करायचे, तर म्हणायच्या, "त्यांना कुठं कळतं आज सुट्टी आहे ते?"

मी तिथं संशोधन करत होते. दोन पदव्या गाठीला आणि राग नाकावर. सर मला विचारायच्या आधी ताईंना विचारायचे, हे मला खुपायचं. खोटं कशाला सांगू? शिवाय माझ्या हातातली खाऊ घालायची नळी सगळ्यांदेखत काढून घ्यायची त्यांना सवय होती. "हळू गं बाई, तोंडावर पाणी मारतेस का त्यांच्या?" सगळे हसायचे. मी मनातल्या मनात त्यांची डिग्री विचारायचे.

तीन नंबरच्या डिशमध्ये एका बस ड्रायव्हरच्या पेशी होत्या. त्याचं हृदय जन्मापासून कमजोर. कातडी देऊन गेला आणि चार महिन्यांत वारला. गोठवून ठेवलेली त्याची शेवटची कुपी या डिशमध्ये होती. ही गेली की संपलं. नवव्या दिवशी संध्याकाळी ताईंनी चारही डिशना खाऊ घातला, वहीत खुणा केल्या आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोन दिवसांची रजा घेतली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना मला म्हणाल्या, "उद्यापरवा हलायला लागतील. बाहेर काढल्यास तर गारठून थांबतील, घाबरू नकोस. परत उबेच्या पेटीत ठेव आणि अर्धा तास तिचं दारच उघडू नकोस."

मी मोबाइलमध्ये डोकं घालून हो हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच होते. तीन नंबरची डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि काय सांगू, एक अख्खा पट्टा आखडत होता, सैलावत होता, पुन्हा आखडत होता. एक माणूस जगातून गेला होता आणि त्याचं हृदय माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी आधी डिशवरचा आकडा आणि मग भिंगाला मोबाइल लावून आतला पट्टा, अशी चित्रफीत घेतली. मग दुसऱ्या बाजूनं घेतली. मग आणखी जवळून. वर एसी भणभणत होता, वीस मिनिटं कुठं गेली कळलं नाही. आणि पट्टा थांबला.

माझी पाचावर धारण बसली. ताईंचं बोलणं आठवायला हवं होतं, पण ऐकलं असेल तर आठवणार ना! खाऊ संपला असेल म्हणून मी फ्रिजमधून बाटली काढली आणि तसाच गार खाऊ ओतला. काही हललं नाही. दहा मिनिटं बघितलं. मेल्या, असं मीच ठरवलं, आणि मेलेल्या पेशींचं करतात तेच केलं. डिशमध्ये ब्लीच ओतलं.

सर आले तेव्हा मी म्हणाले, "सकाळी बघितलं तेव्हाच मेलेल्या होत्या, सर. पाणी पिवळं पडलं होतं."

ताजा खाऊ एका रात्रीत पिवळा पडत नाही. म्हणजे आदल्या संध्याकाळी तो घातलाच नव्हता, असा त्याचा अर्थ. ताईंचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

ताई परत आल्या, त्यांनी वही उघडली, तीन नंबरच्या खुणेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. आता माझ्या झिंज्या धरणार असं मला वाटलं. पण त्यांनी हळूच विचारलं, "अगदी पिवळं होतं का गं?" मी मान हलवली. "मग राहिलंच माझ्याकडून. त्या दिवशी आईच्या ऑपरेशनचंच डोक्यात होतं. खूण केली आणि घालायचं विसरले."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. सरांनी खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. ताई पुन्हा बाटल्या धुवायला गेल्या आणि वर्षभरात निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना फुलं दिली. हो, मीच. लाज कशी नाही वाटली म्हणून आजही स्वतःला शिव्या घालते. चार वर्षांत दोन मोबाइल बदलले, पण ती चित्रफीत मला पुसता आली नाही.

परवा बाजारात ताईंची सून भेटली. नात तीन वर्षांची झाली म्हणाली. मी हसून म्हटलं, "मग काय, आजीनं घरीच पाळणाघर उघडलं असेल!" तिचा चेहरा उतरला. "कुठलं काय. आई तिला जीव लावतात, पण तिला भरवत नाहीत. दूधसुद्धा पाजत नाहीत. म्हणतात, माझ्या हातून राहून जातं, तू बघ. मी तिला घेऊनच कामाला जाते."

भाजी तिथंच ठेवून मी तिच्यासोबत घरी गेले.

ताई खिडकीशी बसल्या होत्या. "ये गं बाई, किती वाळलीस," म्हणाल्या. मी ती चित्रफीत लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी बघितलं. वर तारीख होती, खाली डिशच्या कडेवर त्यांच्याच अक्षरातला तीनचा आकडा.

"हलत होत्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"पाणी गुलाबीच आहे."

"हो, ताई. मीच मारल्या. तुम्ही घातला होता खाऊ."

त्यांनी ती पुन्हा लावली. ओठ हलत होते. ठोके मोजत असाव्यात. मी माफी मागायला सुरुवात केली, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मोबाइल खाली ठेवून त्या उठल्या, मोरीत गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले, पूर्वी धुवायच्या तसे, सावकाश. मग सुनेनं लेकीसाठी आणलेला दुधाचा पेला तिच्या हातातून घेतला, मनगटावर थेंब टाकून ऊब बघितली आणि नातीला मांडीवर बसवलं.

मी चपला घालून निघाले, तरी त्यांनी मान वर केली नाही.