धर्माचा रकाना

दुपारी अर्ज टेबलावर तसाच ठेवून मी खाटेवर जरा पाठ टेकते. सगळं भरून झालंय, धर्माचा रकाना तेवढा राहिलाय. शाळेच्या दाखल्यावर माझा धर्म हिंदू आहे. पप्पांनीच तसा लावला. तोच पुढे चालवला, तर अनुसूचित जातीच्या राखीव जागेतून ग्रामसेवकाची नोकरी मिळण्यासारखी आहे. खरं ते, म्हणजे ख्रिस्ती, लिहिलं तर ती सवलत जाते, उरतो खुला गट, आणि तिथे मी दोनदा आपटलेय. पप्पा वीस वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीत उपदेश करायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. उपदेशकाची मुलगी आणि तिचे हे विचार, असं म्हणत मी कूस बदलते. पापण्या जड होतात.

मी तहसील कचेरीच्या रांगेत उभी आहे. समोरची खिडकी बंद आहे, रांग काही हलत नाही. मग बघते तर बाकं आमच्या चर्चची आहेत आणि पप्पा पितळी घमेलं घेऊन माझ्याकडे येताहेत. अंगात तोच बाह्यांना झिजलेला कोट. मला रडू येतं, पण तुम्ही गेलात हे त्यांना सांगायचं कसं, या पंचाईतीत रडणंही राहून जातं.

"लई दमलीस गं विनू," ते म्हणतात. "बस. पाय पुढं कर."

ते खाली बसतात आणि माझे पाय धुऊ लागतात. मी पाय ओढून घेते. "पप्पा, तुम्ही नका."

"चार वर्षांची होतीस तवा रोज धुतलेत. तवा न्हाई लाजलीस."

पाणी गार आहे. समोरची खिडकी अजून बंदच आहे, फक्त आता ती माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांच्या खोलीची आहे.

"हितंच लिहिलं मी," पप्पा म्हणतात. "पोरीचं भलं व्हईल वाटलं."

"मग देवानं माफ नाही केलं?"

"केलं की. कवाच."

मला हुरूप येतो. "मग मलाही करील. एकदा नोकरी तर लागू दे."

पप्पा हसतात. माझी वकिली त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. "करील. त्यो माफीत कंजुषी करीत न्हाई. पण विनू, मी उपदेशाला उभा राहिलो की तू पहिल्या बाकावर. खऱ्यानं वागा म्हणताना मी भिंतीकडं बघायचो. वीस वर्षं. माफी मिळाली, पर निवांत झोप काय लागली न्हाई."

हे मला कधीच कळलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांचा माझ्यावर राग आहे. "आता लागते?" मी विचारते.

"आता लागती," ते म्हणतात, आणि पाय पुसायला पंचा शोधत उठतात.

मला जाग येते. आई उंबऱ्यापाशी मेथी निवडत बसलीय. मी उठून टेबलाशी जाते. नोकरीची हाव अजून सुटलेली नाही, तरी लिहिते.

"काय लिहिलंस?" आई विचारते.

"ख्रिस्ती."

आई निवडलेली मेथी टोपलीत टाकते. "बरं," ती म्हणते. "मग अभ्यास जास्त करावा लागंल." तिची नजर फरशीवर जाते. "आणि पाय कुठं भिजवलेस गं? नळाला तर सकाळपासून पाणी न्हाई."

खाटेपासून टेबलापर्यंत माझी ओली पावलं उमटली आहेत.