अंदाजाची हवा

रुपचंदचा हात कधी चुकत नाही, असं धुळ्यातल्या त्या छोट्या दवाखान्यात सगळेच म्हणायचे. ऑपरेशन थिएटरात त्याला बावीस वर्षं झाली होती. भूल दिली की भुलीच्या डॉक्टर मॅडम पेशंटच्या घशात श्वासासाठी नळीचा छोटा मास्क बसवायच्या आणि मास्कच्या कडेचा फुगा रुपचंद सिरिंजने फुगवायचा. बोटाने चाचपायचं, घट्ट लागलं की झालं.

मार्चमध्ये अमळनेरचे हसनैनभाई हर्नियासाठी आले. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा माणूस. मणक्याचं जुनं ऑपरेशन होतं, म्हणून पाठीत इंजेक्शन न देता पूर्ण भूल दिली. अडीच तास गेले. मध्येच हवा गळतेय असं वाटलं, तशी रुपचंदने फुग्यात आणखी थोडी हवा भरली. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसनैनभाईंच्या तोंडातून चहा ओघळला. बोलणं जड झालं होतं. मॅडमनी जीभ बाहेर काढायला सांगितली, तर ती डावीकडे वळली.

"जिभेच्या नसेवर दाब आला असावा," मॅडम म्हणाल्या. "बहुतेकांचं भरून येतं. पण किती दिवसांत, ते सांगता येत नाही."

रुपचंद दाराशी उभा होता. ऑपरेशनच्या मध्येच भरलेली हवा त्याला आठवली.

त्या दिवसापासून त्याचं कशात लक्ष लागेना. जेवता जेवता तो स्वतःचीच जीभ दातांवरून फिरवून बघायचा. बायको दिपमाला म्हणाली, "काय व्हयनं तुमले? ताट तसंच शे." तो ताट सारून उठला.

आठव्या दिवशी त्याने मॅडमना सगळं सांगून टाकलं. "फुग्याचा दाब बघणं माझंही काम होतं," त्या म्हणाल्या. "मोजायचं यंत्र आजच मागवते. आणि हसनैनभाईंना मी स्वतः फोन करते."

फोन झाला, तरी रुपचंदला राहवेना. रविवारी त्याने अमळनेरची एसटी धरली. दार हसनैनभाईंच्या बायकोने, सबीहाने उघडलं. तिच्या हातात दुधात कुस्करलेल्या पावाची वाटी होती.

"ती जास्तीची हवा मी भरली होती, भाऊ," रुपचंद आत हसनैनभाईंसमोर उभ्या उभ्याच म्हणाला.

"किती?" हसनैनभाईंनी विचारलं. एवढ्या शब्दालाही त्यांना जोर लावावा लागला.

"मोजली नाही."

"मग?"

"अंदाजाने."

हसनैनभाई एकेक शब्द सोडवत म्हणाले, "लग्नाच्या बारा तारखांना नाही म्हणालो. क्लॅरनेटवर सूर जिभेने तोडावा लागतो. अंदाजाने नाही तुटत." थोड्या वेळाने त्यांनी सबीहाला चहा ठेवायला सांगितलं. रुपचंद चहा घेऊनच निघाला.

आता दवाखान्यात यंत्र आहे. रुपचंद काटा एकदा बघतो, पुन्हा बघतो, ऑपरेशन चालू असताना तिसऱ्यांदा बघतो. सर्जन वैतागतात. तो ऐकत नाही.

सप्टेंबरात हसनैनभाई तपासणीला आले. जीभ जवळजवळ सरळ झाली होती.

"वाजतं का?" रुपचंदने विचारलं.

"संथ वाजतं. धावतं अजून नाही."

ते मॅडमच्या खोलीत गेले. मागोमाग आत जावं की नाही, हे रुपचंदला ठरवता येईना. तेवढ्यात थिएटरातून हाक आली. पुढचा पेशंट टेबलावर घेत होते. रुपचंद दाबाचं यंत्र उचलून तिकडे गेला.