एकेचाळीस शेंडे

शामकांत तहसील कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सत्काराला दीडशे माणसं आली होती. त्यांच्या बायकोचा, प्रेमलाताईंचा सत्कार कुणी कधी केला नाही. निवृत्त व्हावं असं त्या काही करतच नव्हत्या. पण भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की राहात्याच्या त्या गल्लीतल्या सात घरच्या बाया ताट घेऊन त्यांच्या फाटकाशी उभ्या राहत.

"ताई, सोनटक्का द्या की."

मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे वीस वर्षांपूर्वी त्यांनी सोनटक्क्याचा एक कंद लावला होता. आल्यासारखाच दिसणारा, आल्याच्याच कुळातला. त्याचं आता कमरेपेक्षा उंच बेट झालं होतं. राहात्याच्या उन्हात ते जगवायला त्यांनी वर हिरवी जाळी बांधली, बुडाशी उसाचं पाचट पसरलं, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कधी वाया घालवलं नाही. संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की वास पार काकासाहेबांच्या किराणा दुकानापर्यंत जाई. फुलं वाटण्याची त्यांची एक पद्धत होती. जिच्याशी बरं चाललंय तिला सात. जिच्याशी बिनसलंय तिला पाच, आणि त्यातली दोन कालची. बाया हे ओळखून होत्या. श्रावण लागला की त्या प्रेमलाताईंशी जरा गोड बोलत.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरात नाझनीन राहायला आली. नवरा अलीम टेम्पो चालवायचा, कोकणात माल घेऊन जायचा. बाईला झाडांचं वेड आहे म्हणून येताना कंद आणायचा. निळी पिंपं अर्धी कापून नाझनीननं अंगणात ओळीनं मांडली. एकात लाल कणसासारख्या फुलाचं आलं, एकात पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं, आणि चार पिंपांत सोनटक्का. त्यातल्या दोन पिंपांतला पिवळा. रोज मोबाईलच्या स्टेटसला फोटो. प्रेमलाताई ते बघायच्या नाहीत, असं त्या म्हणत. खरं तर त्या चष्मा पुसून, बोटांनी फोटो मोठा करून बघायच्या.

आषाढातल्या एका दुपारी कल्याणची आई फाटकापाशी थांबली. गल्लीत सगळ्यात मोठा आवाज तिचाच.

"ताई, नाझनीनकडं बघितला का पिवळा सोनटक्का? अजून फुल न्हाई, पन दांड्या काय जाडजूड! यंदा महालक्ष्म्यांना एकीला पांढरी वेणी, एकीला पिवळी करू म्हनते मी. पांढरी तिच्याकडं बी हायेच. तुमालाबी तेवढाच ताप कमी."

"हो ना," प्रेमलाताई म्हणाल्या.

ताप कमी. त्यांनी आत जाऊन पोळीची कणीक भिजवली ती इतकी घट्ट झाली की शामकांत म्हणाले, "आज काय, दात पाडायचेत माझे?"

दुसऱ्या दिवशी नाझनीननंच कुंपणावरून हाक मारली. "काकू, एक विचारू का? माझी उंच झालीत नुसती, फुलाचं कायबी चिन्ह न्हाई. काय करू?"

करायचं काहीच नव्हतं. सोनटक्क्याच्या दांडीला फूल येतं ते शेंड्यालाच, आणि येतं ते एकदाच. महिनाभर गप्प बसायचं होतं, बस्स. प्रेमलाताईंना हे स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण तोंडातून वेगळंच निघालं, आणि किती सहज निघालं याचं त्यांना नंतर नवल वाटत राहिलं.

"शेंडे खुड की. फुटवा येईल. दुप्पट फुलं."

"व्हय! शेवंतीचं खुडतात तसं!" नाझनीनचा चेहरा उजळला. तिच्या माहेरी, पुणतांब्याला, शेवंतीचाच मळा होता. दर हंगामात शेंडा खुडायला ती लहानपणापासून आईबरोबर जायची. "मला सुचलंच न्हाई बघा. लई उपकार झाले, काकू."

संध्याकाळपर्यंत चारही पिंपांतले शेंडे गेले. प्रेमलाताईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली.

श्रावणात पुण्याहून मुलाचा, केदारचा फोन आला. सूनबाईला, अपूर्वाला डेंग्यू झाला होता; ती दवाखान्यात आणि घरात लहान मूल. दोघांनाही जाणं भाग होतं. शामकांतांना मागे ठेवलं असतं तर ते चहासुद्धा शेजारून मागवत बसले असते. निघताना नाझनीन स्वतःहून म्हणाली, "काकू, पाण्याची काळजी करू नका. मी बघते."

नाही म्हणायला कारण सापडेना. बेटात तेव्हा पानांच्या पुंगळ्यांत कळ्यांची कणसं नुकती जाणवू लागली होती. "पाणी तेवढं घाल," प्रेमलाताई बजावून गेल्या. "बाकी काही नको."

बारा दिवसांनी त्या परतल्या. पिशवी हातातच होती, चपलाही पायात. मोरीपाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

एकूण एक दांडी वरून खुडलेली होती. नखानं, व्यवस्थित, एका उंचीवर. आणि प्रत्येक जखमेवर कुजू नये म्हणून हळदीचा ठिपका. त्यांनी मोजल्या. एकेचाळीस.

"काकू, आलात?" नाझनीन कुंपणाशी धावत आली. "सरप्राइज! माझ्या पिंपांत बुडाशी फुटवे दिसायला लागले, तुमचा सल्ला एकदम बरोबर! म्हटलं काकू गेल्यात आजारपणाला, त्यांचं राहून जाईल. दोन दुपारी गेल्या माझ्या, पन एकबी सोडला न्हाई."

बुडाचे फुटवे पावसाळ्यात असेही येतात. त्यांना फूल धरायला दिवाळी उजाडते. ओरडावं तर कशाबद्दल? हिनं सांगितलेलंच केलं होतं.

"छान केलंस," त्या म्हणाल्या.

"पोरगी गुणाची आहे हो," मागून शामकांत म्हणाले. प्रेमलाताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पिशवी उचलून मुकाट आत गेले.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी कल्याणची आई आणि गोरक्षची बायको ताट घेऊन आल्या. बेटाकडे बघून कल्याणच्या आईनं कपाळावर हात मारला.

"आगं बया! हे काय झालं?"

नाझनीन अंगणात कपडे वाळत घालत होती. तिकडेही फूल नव्हतं, पांढरं ना पिवळं. गोरक्षच्या बायकोनं हळूच सांगितलं, "तिनंच खुडलं म्हनं. ताई पुन्याला हुत्या तवा."

कल्याणच्या आईला तेवढं पुरलं. ती कुंपणाशी जाऊन म्हणाली, "काय गं, स्वतःचं नास केलं ते केलं, ताईंचंबी? वीस वर्साचं बेट! इचारायचं तरी एखाद्याला!"

नाझनीनच्या हातातला कपडा तसाच राहिला. "मी माझ्या मनानं न्हाई केलं. काकूंनीच सांगितलं हुतं."

सगळ्यांनी प्रेमलाताईंकडे पाहिलं. 'मी? मी कशाला असं सांगीन?' हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. वीस वर्षं सोनटक्का वाढवणाऱ्या बाईवर कुणी अविश्वास दाखवला नसता. नाझनीन गल्लीत खोटारडी ठरली असती, पुढल्या साली तिच्या पिवळ्या फुलांकडे कुणी फिरकलं नसतं. हे सगळं त्यांना एका क्षणात दिसलं आणि हवंसंही वाटलं. पण नाझनीन त्यांच्याकडे अगदी निर्धास्त बघत होती, काकू आता खरं काय ते सांगतील म्हणून.

"मीच सांगितलं होतं," प्रेमलाताई म्हणाल्या. "वय झालं. शेवंतीचं सोनटक्क्याला सांगून बसले."

कल्याणची आई मोठ्यानं हसली. "ऱ्हाऊ द्या ताई, व्हतं असं. परवा मी आमटीत साखर टाकली दोनदा." आणि जाता जाता गोरक्षच्या बायकोला म्हणाली ते स्पष्ट ऐकू आलं, "लई मोठ्या मनाची बाई. दुसरी असती तर कबूल केलं नसतं." दोघी बाजारातून झेंडू आणायला गेल्या.

नाझनीन मात्र हसली नव्हती. ती कुंपणाला वळसा घालून फाटकातून आत आली आणि बेटाजवळ उभी राहिली.

"काकू, वीस वर्सांत तुमी कधी शेंडा खुडला हुता का?"

"नाही."

"एकदाबी?"

"नाही."

"मग मला का सांगितलं?"

प्रेमलाताईंनी पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते. "सगळ्या तुझ्याकडे आल्या असत्या."

"फुलांसाठी?" नाझनीनला खरंच कळेना. "एवढ्यासाठी?"

"तुला एवढंसं वाटतं. तुझ्याकडे लोक शिवणाला येतात, फोन नीट करून घ्यायला येतात, तुझ्या बिर्याणीला येतात. माझ्याकडे दुसरं काय मागायला कोण येतं, सांग बरं."

नाझनीननं कमरेवर हात ठेवले. आवाजातला लाड गेला होता, 'काकू' तेवढं राहिलं होतं.

"आता खरं सांगा, काकू. पुढच्या सालासाठी. सगळं."

प्रेमलाताई सांगू लागल्या. फूल येऊन गेलेली दांडी बुडातून कापायची. चैत्रात बेट सोडवायचं. कंदाचा मधला जुना भाग टाकायचा, डोळे असलेले कडेचे तुकडे लावायचे, वरवर, खोल नाही. दुपारचं ऊन अजिबात नको. एकेक वाक्य पोटातून ओढून काढल्यासारखं निघत होतं.

"अजून?"

"झालं."

"काकू."

प्रेमलाताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या निळ्या पिंपांकडे.

"पिंपांना बोअरचं पाणी घालू नकोस," त्या अखेर म्हणाल्या. "क्षार साचतात. पानांच्या कडा करपतात तुझ्या, त्या त्यानंच. मला जूनपासून दिसतंय."