सोळा दिवस भिजलेले बुश

आमचे हे माझ्यावर खोटा आळ घालून गेले. आज, त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, मला कळलं.

फोटोला हार सकाळीच घातला होता; जेवणं उरकली आणि ही पोस्ट लिहायला बसले. रागातच लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यांचं आणि धाकट्या भाऊजींचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. पाण्यात बुडालेल्या पंपाचा शाफ्ट ज्या कड्यात फिरतो, तो बुश ते बनवायचे. नायलॉनचा.

त्याला तेल नको, ग्रीस नको. पाणीच त्याचं वंगण.

पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. म्हणून रॉडचे तुकडे आधी पंधरा दिवस भिजवायचे, पुरते फुगले की मग आतलं भोक मापात कापायचं. सुक्यावरच कापलं, तर पाण्यात गेल्यावर बुश शाफ्टला आवळून धरतो.

ते भिजवणं माझ्याकडं. माझ्या मोठ्या पातेल्यात. तारखा दुधाच्या वहीत, मागच्या पानावर.

जुना बुश बदलायला आला की हे त्यावर अंगठ्याचं नख फिरवून बारीक चिरा शोधायचे.
"लोखंड झिजलं की बोंबलतं की. हे बिचारं गप थकतंय."

तीन वर्षांमागचा उन्हाळा. गगनबावड्याकडच्या एका गावाच्या पाणीयोजनेच्या पंपाला आमचे नवे बुश बसवले. चौथ्या दिवशी शाफ्ट आवळला, पंप बंद.

आठ दिवस गावाला नळाचं पाणी नाही.

दुरुस्तीला हे निघाले तेव्हा डबा घेऊन मीही गेले होते. विहिरीपाशी एक बाई, डोक्यावरची घागर न उतरवता म्हणाली,
"पावणं, तुमच्या बुशापायी आमची मान मोडली. काम शिकून आलाय, का आमच्यावरच शिकताय?"

हे खाली बघून म्हणाले, "घरात बाईमाणसाकडनं चूक झाली."

बाईनं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

परतताना मी विचारलं, "अहो, माझी काय चूक?"
"सत्यनारायणाला पातेलं मोकळं केलंस न्हवं? तवा तुकडं वाळलं."

मी ते बादलीत, पाण्यातच ठेवले होते. पण हे म्हणतात म्हणजे बादली गळली असेल, असं मीच धरून चालले.

तेव्हापासून घरात सत्यनारायण घातला नाही. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाऊन दत्तमहाराजांकडं माफी मागितली.
पुढं दोन वर्षं हे जगले. एसटीत माझ्या शेजारी बसून वाडीला यायचे. एक शब्द बोलले नाहीत.

आज जेवणं उरकल्यावर भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.
"वैनी, ते बुश तुम्ही भिजवलेले न्हवतेच."
"मग कुठले?"
"तुमचे मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकले. गावाला सुक्या रॉडचे कापून धाडले. पंधरा दिवस कोण थांबतंय म्हटलं."
"यांना ठावं होतं?"
"पंप बंद पडल्याचा फोन आला तवाच सांगितलं मी. माझ्या पोरीची सोयरीक जुळत आलती. दादा म्हणाला, तू गप ऱ्हा. तुझ्या वैनीचं काय, देवाधर्माची हाय, सोसंल."

मी वही काढून बघितली. सोळा दिवस.
माझंच अक्षर. आणि मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

अहो, भावाची अब्रू राखायची होती, तर स्वतःवर घ्यायचं होतंत. पदर खोचून तुमच्या बाजूनं भांडले असते.
नाहीतर मला निदान विचारायचं. मी हो म्हटलं असतं. तेच जास्त लागतं.

त्या गावचं कुणी हे वाचत असेल, तर त्या बाईंना शोधा. नाव मला माहीत नाही. उंच, कपाळावर गोंदण. त्यांना सांगा, चूक घरच्या बाईची नव्हती.
सापडल्या की इथंच खाली कळवा. मी स्वतः येऊन भेटेन.

यांना श्रद्धांजली. भावपूर्ण पुढच्या वर्षी बघू.