पळसदरीच्या चित्रावरचा लाल डाग

निवृत्तीनंतर माणसाला मधुमेह जडतो, नाहीतर वेबसाइट. मला मधुमेह नाही.

कर्जतच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवल्यावर माझी एकच इच्छा उरली होती. माझं एखादं चित्र ओळखपाळख नसलेल्या माणसाने मागून न्यावं! आजवर माझी चित्रं गेली ती नातेवाइकांच्या वास्तुशांतीला. खालापूरच्या मेव्हण्याने तर माझा सूर्योदय फ्रिजमागे उभा करून ठेवलाय (भिंतीला ओल येते म्हणून). शेवटी आमच्या लेकीने, मुग्धाने, मला वेबसाइट करून दिली. मी जाड पुठ्ठ्यावर रंगवतो. ते पुठ्ठे गच्चीत उन्हात मांडून सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदाने, मोबाइलवर फोटो काढले आणि साइटचा पत्ता आपल्या भजनी मंडळाला पाठवून दिला. तिथून तो कुठे कुठे गेला ते विठ्ठलालाच ठाऊक.

काही दिवसांनी मुग्धाने लॅपटॉप उघडून दाखवला. लोक जिथे थांबतात, बोटांनी मोठं करून बघतात, तिथे म्हणे लाल डाग दिसतो, कुणी फिरकलं नाही तिथे निळा. माझी बाकी सगळी चित्रं निळी, गारठलेली. फक्त ‘पळसदरीचं धरण’ या चित्रापाशी लोक थबकत होते, आणि त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भलामोठा लाल डाग होता.

त्या कोपऱ्यात माझी सही आहे. मला गहिवरून आलं.

“बाबा, सही एवढी मोठी करून कोण बघतं? फोटो नीट बघा ना,” मुग्धा म्हणाली. कलेतलं तुला काय कळतं, हे मी तिला वडीलकीच्या प्रेमाने सांगितलं आणि साइट नव्याने मांडायला बसवलं. प्रेक्षकांचा कल ओळखून (हे शब्द मी तेव्हा जेवतानाही वापरत असे) धरण पहिल्या पानावर आणलं. फोटोंच्या कडेचा गच्चीतला पसारा कापायला लावला. प्रत्येक चित्रावर सही नव्याने, ठसठशीत रंगवली. एका चित्रात ती बैलाच्या पाठीवर चढली, आणि बैल माझ्या नावाने सोडल्यासारखा दिसायला लागला.

“चित्राखाली सही आहे, की सहीखाली चित्र?” सुनंदाने विचारलं. मी दुर्लक्ष केलं. थोरामोठ्यांना घरात हे सोसावंच लागतं.

लाल डाग गेला. लोकही गेले. मुग्धाचा फोन आला, “बाबा, आपल्या दहिवलीहून एकच जण रोज येतोय. तुम्ही जरा कमी बघत जा.”

आणि एका दुपारी चौक गावच्या एक बाई रिक्षातून दारात उतरल्या. त्यांचा तिकडे ढाबा आहे. पूर्ण अनोळखी! मी इस्त्रीचा शर्ट चढवला. बाईंनी मोबाइलवर धरण काढून कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“मास्तर, इथं जे व्हतं ते आता दिसत नाय.”

“सही अजून मोठी केलीय,” मी नम्रपणे म्हणालो.

“सही नाय वो. बाजूला चादरीवर कुरडया वाळत व्हत्या, कशा बारीक, पांढऱ्याफेक! चौकच्या आमी बायका मोठ्या करकरून बघायचो. संपल्या का?”

आतून चहा घेऊन आलेल्या सुनंदाने हसू दाबलं आणि सरळ डबे काढले. बाईंनी भरपूर कुरडया घेतल्या. पण कुरडई नाजूक, रिक्षात मोडणार. खाली काहीतरी सपाट, टणक हवं होतं. बाईंनी घरभर नजर फिरवली.

“ते धरण द्या की, मास्तर.”

अशा रीतीने माझं चित्र एका अनोळखी बाईंनी स्वतः मागून नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोनही आला. चित्र एकदम मजबूत आहे, एक कुरडई मोडली नाही, इतकं कौतुक माझ्या कलेचं आजवर कुणी केलं नव्हतं. फक्त पुढच्या खेपेला जरा मोठं काढा, असं त्यांनी सुचवलंय.

प्रेक्षकांचा कल ओळखून मी मोठे पुठ्ठे आणलेत.