शुगरच्या नावानं सहकुटुंब फेरफटका

घरातली सगळी माणसं एकदम फिरायला निघाली, की किस्से जमायला वेळ लागत नाही. कापड मिलमध्ये आमच्या लूमखाली, म्हणजे मागाखाली, रुई साठायची, तसे साठत जातात. झाडून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेतच!

मिल बंद झाली आणि आम्ही मुलाकडे, अन्नपूर्णा भागात, राहायला आलो. मी दिवसभर खाटेवर पडून असायचो. अशात आमच्या हिची शुगर वाढली. डॉक्टरनं बजावलं, "अम्मा, रोज चलो, नहीं तो इंजेक्शन चालू." ही इंजेक्शनला फार घाबरते. मुलानं, सुनीलनं, त्याच संध्याकाळी हुकूम सोडला, "उद्यापासून सगळे जायचं. बाबा, तुम्ही पण."

*

पहिल्या दिवशी हिनं हातात थैली घेतली. काही कामाशिवाय बाई रस्त्यावर फिरते, हे तिला पटेना.

शेजारच्या वर्माभाभीनं विचारलंच, "कहाँ चलीं काकीजी, इतनी सुबह?"

"भाजी लेने."

दुसऱ्या दिवशी वर्माभाभी थैली घेऊन दारात हजर! तेव्हापासून दोघी रोज आमच्याबरोबर निघायच्या आणि रिकाम्या थैल्या घेऊन परतायच्या. भाजीचा विषय दोघींनीही कधी काढला नाही.

*

माझी वेगळीच गंमत. माझा सगळा जन्म लूमच्या रांगेत इकडून तिकडे जाण्यात गेला. आम्ही फिरायला जायचो त्या मैदानातही मी थोडा चाललो, की पाय आपोआप माघारी वळायचे. सगळे पुढे, मी आपला तिथल्या तिथे.

नात पिंकी धावत आली, माझं बोट धरलं आणि म्हणाली, "आजोबा, पुढे पण रस्ता आहे!"

*

सुनीलनं पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज आणले. "मी जॉगिंग करणार," म्हणून तो पुढे पळाला. आम्ही चालत चालत कोपऱ्यावर आलो, तर साहेब पोह्याच्या ठेल्यावर! एका हातात पोहे, दुसऱ्या हातात जलेबी.

"हे काय रे?" ही म्हणाली. "डॉक्टरनं मला चालायला सांगितलंय, तुला खायला नाही!"

"आई, मेहनत केली ना भिया!" इकडच्या बोलीत आईलासुद्धा 'भिया', म्हणजे भाऊ!

सूनबाई पुढे झाली. तिनं प्लेट काढून घेतली. "अजून एक राउंड मारून या, मग देते."

तो एक राउंड मारून आला. प्लेट चाटूनपुसून साफ! सूनबाई रुमालानं तोंड पुसत होती.

*

पावसाळ्यात टीव्हीवर बघून घरातच व्यायाम करायचं ठरलं. तेव्हा केबल नवीनच आली होती. खोली एवढीशी, आम्ही पाच जण. हात वर केला की कोणाचा तरी चष्मा उडायचा.

ही मात्र हलेना. टीव्हीतल्या व्यायामाच्या मास्तरकडे बघत तिनं पदर नीट घेतला आणि म्हणाली, "तो मेला सारखा माझ्याकडेच बघतोय!"

शेवटी ती टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली. पिंकी तिच्यासमोर उभी राहून करून दाखवायची आणि ही तिचं बघून करायची. त्या घरात नियमानं व्यायाम केला तो या दोघींनीच!

*

पुढे शुगर पुन्हा तपासली. रिपोर्ट घेऊन मी हिच्याबरोबर डॉक्टरकडे गेलो. आत पेशंटलाच सोडायचे. मी बाहेर बाकावर बसलो. मध्ये काचेचं दार. ऐकू काही येत नव्हतं, पण दोघांचे चेहरे दिसत होते.

लूमच्या आवाजात कानाचा काही उपयोग नसायचा. आम्ही मिलवाले समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचो. ही सवय जात नाही.

डॉक्टर हसून म्हणाला, "शुगर उतर गई, अम्मा! अब रोज इतना मत चलो, कम भी चलेगा."

हिनं एकदा दाराकडे बघितलं. मग पुढे वाकून म्हणाली, "डॉक्टरसाब, इनको मत बताना. माझ्यासाठी म्हणून तरी घराबाहेर निघतात हो."

ती बाहेर आली. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, रोज फिरा. एक दिवस चुकवू नका!"

"असं?" मी म्हटलं. "मग उद्या थोडं लांब जाऊ."